गोव्यातून स्टार्टअप घेऊन परदेशी स्थायिक व्हायचंय? आधी घरचे कागद, मग पिच डेक

स्टार्टअपच्या जोरावर परदेशात स्थायिक होऊ पाहणारा गोव्यातला उद्योजक बहुधा पिच डेकपासून, म्हणजे उद्योगाची कल्पना मांडणाऱ्या सादरीकरणापासून, सुरुवात करतो. डेक दीड-दोन महिन्यांत उभा राहतो. जन्मदाखल्यावरचं वडिलांचं नाव पासपोर्टशी जुळवणं, आई-वडिलांच्या नावावरचा पैसा रीतसर आपल्याकडे आणणं, नवरा-बायकोच्या रिटर्नमधले आकडे परक्या अधिकाऱ्याला कळतील असे मांडणं, याला मात्र सहा-आठ महिने सहज जातात. एंडॉर्समेंट (योजना तपासून मान्य संस्थेनं दिलेलं शिफारसपत्र) हातात आणि कागद अर्धवट, अशा अवस्थेत मुदत संपून जाते. म्हणून इथे कामांचा क्रम मुद्दाम उलटा लावला आहे.

कुठलं दार उघडं आहे

कॅनडाची स्टार्टअप व्हिसा योजना २०१३मध्ये प्रायोगिक म्हणून सुरू झाली आणि २०१८मध्ये कायम झाली. नेमून दिलेल्या व्हेंचर फंडाकडून २ लाख डॉलर किंवा एंजल गटाकडून (स्वतःचा पैसा लावणाऱ्या गुंतवणूकदारांकडून) ७५ हजार डॉलरचं पाठबळ मिळालं, किंवा इन्क्युबेटरने, म्हणजे नव्या उद्योगांना हात देणाऱ्या संस्थेने, घेतलं, की थेट कायम वास्तव्याचा अर्ज करता येत असे. २०२५च्या अखेरीस नवे अर्ज घेणं थांबलं. २०२५मध्येच पाठबळाचं प्रमाणपत्र मिळवलेल्यांना तेवढी ३० जून २०२६पर्यंतची मुभा दिली गेली. या योजनेची जुनी माहितीपत्रकं अजून फिरताहेत. त्यावर कोणी आगाऊ रक्कम मागत असेल तर तिथून सरळ उठावं.

अमेरिकेत स्टार्टअपसाठी वेगळा व्हिसा नाही. गुंतवणूकदारांचा ई-२ व्हिसा करार असलेल्या देशांच्या नागरिकांनाच मिळतो आणि भारताशी तसा करार नाही. आयर्लंडच्या योजनेला किमान ५० हजार युरोचं भांडवल लागतं. उद्योग मोठ्या वाढीच्या क्षमतेचा आहे हे तिथल्या समितीला पटावं लागतं. नेदरलँड्समध्ये सरकारी यादीवरचा एखादा ‘फॅसिलिटेटर’, म्हणजे अनुभवी मार्गदर्शक संस्था, तुमच्याशी लेखी करार करते आणि एक वर्षाचा परवाना मिळतो. त्या वर्षात उद्योग उभा राहिला तर स्वयंरोजगाराच्या परवान्यावर जाता येतं. पोर्तुगालमध्ये मान्यताप्राप्त इन्क्युबेटर आणि आयएपीएमईआय या सरकारी संस्थेची छाननी, असा मार्ग आहे. एस्टोनियाचाही स्टार्टअप व्हिसा आहे. मात्र २०१४पासून चालू असलेली ‘ई-रेसिडेन्सी’ ही निराळी गोष्ट. तिच्यावर कंपनी काढता येते, राहता येत नाही. नावामुळे फसलेले बरेच आहेत.

पुढचा तपशील ब्रिटनच्या ‘इनोव्हेटर फाउंडर’ व्हिसाचा आहे. एप्रिल २०२३पासून जुन्या दोन योजनांच्या जागी तो आला. ५० हजार पौंडांची सक्तीची गुंतवणूक गेली आणि तीन वर्षांनी कायम वास्तव्यासाठी अर्ज करण्याची वाट राहिली. दुसऱ्या देशाचा बेत असेल तरी गोव्यातल्या कागदांचा भाग जसाच्या तसा लागू पडतो.

पोर्तुगीज पासपोर्टचा विचार असेल तर

१९ डिसेंबर १९६१पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना लिस्बनच्या नोंदणी कार्यालयात जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेण्याची वाट आहे. हे काही स्टार्टअपचं धोरण नव्हे, पण घरात हा विषय निघतोच. ब्रिटनसाठी त्याचा आता थेट उपयोग नाही. ब्रेक्झिटनंतर पोर्तुगीज नागरिकालाही तिथे व्हिसा काढावा लागतो, आणि आधीपासून राहणाऱ्यांसाठीच्या योजनेची सर्वसाधारण मुदत ३० जून २०२१लाच संपली. युरोपीय संघात मात्र त्या पासपोर्टवर कुठेही राहून धंदा करता येतो. भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. दुसरं स्वेच्छेनं घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं, पासपोर्ट जमा करावा लागतो, पुढे ओसीआय कार्डाचा, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणाऱ्या कार्डाचा, अर्ज येतो.

एक गोष्ट आधी तपासा. लहानपणी आई-वडिलांनी तुमची जन्मनोंद लिस्बनला करून ठेवली आहे का? ब्रिटनच्या अर्जात इतर नागरिकत्वांबद्दल स्पष्ट प्रश्न असतो. तिथे खोटं उत्तर दिल्याचं ठरलं तर पुढची १० वर्षं अर्ज नाकारले जाऊ शकतात. नोंद असेल तर पहिला खर्च वकिलाच्या सल्ल्यावर करा.

नाव

गोव्यातल्या जुन्या नोंदी पोर्तुगीज वळणाच्या आहेत. प्रभूंचा ‘पोरोबो’, कामतांचा ‘कामोतीम’, शेणव्यांचा ‘सिनाय’ झालेला असतो. तुमच्या स्वतःच्या दाखल्यावर नाव ठीक असलं तरी वडिलांच्या नावाच्या रकान्यात जुनं वळण असतं, पासपोर्टवर नवं, आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर तिसरंच. आपल्याकडे तलाठ्यापासून बँक मॅनेजरपर्यंत सगळ्यांना ही एकच व्यक्ती आहे हे कळतं. इंग्लंडातल्या शेफिल्डमध्ये बसून अर्ज तपासणाऱ्याला कळण्याचं कारण नाही.

करायचं ते असं. जन्मदाखला, दहावीचं प्रमाणपत्र, पासपोर्ट, पॅन, आधार, विवाहदाखला आणि बँक पासबुक असे सात कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडा. स्वतःचं, वडिलांचं, आईचं नाव, जन्मतारीख आणि जन्मगाव एका तक्त्यात अक्षरशः जसं आहे तसं उतरवा. एका अक्षराचा फरकसुद्धा लाल शाईनं खुणवा. जो फरक लिपिकाच्या चुकीचा आहे तो नागरी नोंदणी कार्यालयात दुरुस्त होतो. जिथे नाव खरोखर बदललेलं आहे तिथे १९९०च्या गोवा नाव व आडनाव बदल कायद्याखाली रीतसर बदल करून घ्यावा लागतो. जुन्या पिढीच्या नोंदी सहसा दुरुस्त होत नाहीत. त्यांच्यासाठी ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र करा आणि त्यात दोन्ही नावं, दोन्ही कागदांचे क्रमांक आणि तारखा घाला. नुसतं ‘मी अमुक ऊर्फ तमुक’ पुरत नाही. आधार आणि पॅन शेवटी बदला, कारण त्यांच्यासाठी पुरावा लागतो तो वरच्याच कागदांचा.

विवाहाच्या बाबतीत गोव्याची तऱ्हा वेगळी. नागरी नोंदणी कार्यालयात आधी एक सही, मग आक्षेपाच्या मुदतीनंतर दुसरी, आणि देवळातलं लग्न भलत्याच दिवशी. अर्जात, बँकेत, मुलांच्या पासपोर्टच्या फॉर्ममध्ये वेगवेगळ्या तारखा पडतात त्या यामुळे. सगळीकडे नागरी नोंदणीच्या दाखल्यावरची तारीखच लिहा. जोडायचा तोही हाच दाखला, देवस्थानाचा किंवा चर्चचा नाही.

पोर्तुगीज किंवा मराठीतल्या प्रत्येक कागदाचं पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं. त्यावर ‘हे मूळ कागदाचं अचूक भाषांतर आहे’ असं विधान, तारीख, भाषांतरकाराचं नाव, सही आणि संपर्क हवा. नेदरलँड्स किंवा पोर्तुगालसाठी जन्म-विवाहाच्या दाखल्यांवर अपॉस्टिल, म्हणजे परदेशात ग्राह्य ठरणारा प्रमाणन शिक्का, हाही लागेल. तो परराष्ट्र मंत्रालय देतं, आणि त्याआधी राज्य सरकारचं साक्षांकन लागतं.

पैसा: खात्यात आहे एवढं पुरत नाही

गोव्याचे अर्ज सर्वात जास्त अडतात ते इथे, कारण आपल्याकडचा मालमत्तेचा कायदा उरलेल्या भारतापेक्षा निराळा आहे आणि ते परदेशी अधिकाऱ्याला कोणी सांगत नाही.

विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल तर गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. प्राप्तिकरही तेच धरून चालतो. मार्च २०२६पर्यंतच्या उत्पन्नाला लागू असलेल्या १९६१च्या कायद्याच्या कलम ५अ खाली पगार सोडून बाकी सगळं उत्पन्न, म्हणजे व्याज, भाडं, धंद्याचा नफा, भांडवली नफा, दोघांत निम्मं-निम्मं वाटून दाखवायचं. आता उदाहरण घ्या. एकट्याच्या नावावरच्या प्रोप्रायटरी फर्मचा वर्षाचा नफा १६ लाख. बँक स्टेटमेंटमध्ये सगळे पैसे त्याच्याच खात्यात. त्याच्या रिटर्नमध्ये दिसतात ८ लाख, उरलेले ८ लाख बायकोच्या रिटर्नमध्ये. मुंबईचा सीएसुद्धा कधी कधी याला चूक समजतो. लंडनमधल्या एंडॉर्समेंट संस्थेला तर निम्मं उत्पन्न लपवलंय असंच वाटणार.

यावर उपाय एका पानाचा आहे. सीएच्या लेटरहेडवर पत्र घ्या: गोव्यातल्या विवाहित जोडप्याला हे कलम कसं लागू होतं, तीन वर्षांचं मूळ उत्पन्न किती, दोघांच्या रिटर्नमध्ये ते कसं विभागलं. सोबत दोघांचीही तीन वर्षांची रिटर्नं, त्यातलं शेड्यूल ५अ आणि विवाहदाखला लावा. जोडीदाराचं रिटर्न न लावता फक्त स्वतःचं पाठवणं ही नेहमीची चूक.

पैसा जमीन किंवा फ्लॅट विकून आला असेल तर विक्रीखतावर जोडीदाराची सही हवी. नसेल तर व्यवहारच लटकतो. वडिलोपार्जित जागेच्या बाबतीत एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा कागद) काढून पाहा. त्यावर अजून आजोबांचं आणि चार चुलत्यांचं नाव असेल तर ती जागा तुमच्या भांडवलात धरू नका. २०१२च्या गोवा उत्तराधिकार कायद्याखाली वारसाचा दस्त, मग गरज पडल्यास इन्व्हेंटरीची, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटण्याची कोर्टातली, प्रक्रिया, हे सगळं वर्षभरात उरकेल याची कोणी हमी देऊ शकत नाही. अशा जागेचं मूल्यांकन जोडल्याने अर्ज जाड होतो, भक्कम होत नाही.

आई-वडिलांनी पैसे दिले असतील तर नोंदवलेलं किंवा निदान नोटरी केलेलं दानपत्र करा आणि त्यावर आई आणि वडील दोघांच्या सह्या घ्या, कारण पैसा दोघांचा आहे. गोव्यात पालकांना आपल्या मालमत्तेचा निम्मा भागच मनासारखा देता येतो. उरलेला निम्मा मुलांचा हक्काचा. तेव्हा देणगी मोठी असेल तर भावंडांचं नाहरकत पत्र आत्ताच घेऊन ठेवलेलं बरं. परदेशात कंपनी नावारूपाला आल्यावर ते मिळवणं अवघड जातं! देणाऱ्यांचं सहा महिन्यांचं स्टेटमेंटही लागतं. त्यांच्या खात्यात आदल्या आठवड्यात रोख भरणा दिसला तर प्रश्न तुमच्याकडून सरकून त्यांच्याकडे जातो, एवढंच.

पैसा बाहेर नेणे

रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस (परदेशी पैसे पाठवण्याच्या) योजनेखाली निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. वर्ष एप्रिल ते मार्च धरतात. गुंतवणुकीसाठी १० लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, वेगळा घेते. म्हणजे ६० लाख पाठवायचे तर ५० लाखांवर १० लाख टीसीएस, आणि खात्यात हवेत ७० लाख. ते १० लाख रिटर्न भरल्यावर करात वळते होतात किंवा परत मिळतात, पण तोवर अडकतात. व्यवसाय योजनेच्या कॅश फ्लोमध्ये ही ओळ बहुतेकांची राहून जाते आणि ऐन पहिल्या तिमाहीत हात आखडतो.

तुमच्याच विलायती कंपनीचे शेअर घेण्यासाठी पैसे पाठवणं हे साधं रेमिटन्स नाही. ते ऑगस्ट २०२२च्या परदेशी गुंतवणूक नियमांत बसतं. बँकेकडे फॉर्म एफसी भरून युनिक क्रमांक मिळवायचा आणि मगच पैसे सोडायचे. सहा महिन्यांत शेअर सर्टिफिकेट बँकेला द्यायचं. पुढे निवासी असेपर्यंत दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत कामगिरीचा अहवाल. शाखा पातळीवर हे माहीत असेलच असं नाही. पणजीतल्या किंवा मडगावातल्या शाखेत सुरुवातीलाच विचारा की परकीय चलनाचं काम कुठल्या शाखेतून होतं, आणि तिथल्याच माणसाशी बोला. ‘कौटुंबिक खर्च’ असा कोड टाकून कंपनीत पैसे भरणं सोपं वाटतं. पुढे तोच पैसा गुंतवणूक म्हणून दाखवताना कोड आडवा येतो.

जोडीदाराची एलआरएस मर्यादा आणि १० लाखांची सूट वेगळी असते हे खरं. मात्र जोडीदाराच्या खात्यातून गेलेल्या पैशावर शेअर जोडीदाराच्या नावे निघणार. व्हिसाच्या छाननीत बघतात ते संस्थापकाकडे किती शेअर आहेत ते.

दुसरा मार्ग: सुरुवातीला लागेल तेवढीच रक्कम न्या. व्यवसायासाठी देश सोडल्यावर फेमाच्या (परकीय चलन कायद्याच्या) दृष्टीनं तुम्ही अनिवासी ठरता, खाती एनआरओ, म्हणजे अनिवासींची रुपया खाती, करावी लागतात, आणि एनआरओमधून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत कर भरलेला पैसा नेता येतो. त्याला एलआरएसचा टीसीएस लागत नाही. कराची घोषणा आणि सीएचं प्रमाणपत्र (मार्च २०२६पर्यंत फॉर्म १५सीए-१५सीबी) मात्र लागतात.

योजना: कोणाला पटवायचंय

ब्रिटनमध्ये गृहखात्याआधी एंडॉर्समेंट संस्था तुमची योजना तपासते. अशा मान्य संस्था मोजक्या आहेत. यादी सरकारी संकेतस्थळावर पाहा, कारण काही जुन्या संस्था आता फक्त आधीच्याच लोकांना सांभाळतात. फी १,००० पौंड, आणि पुढे दोन आढावा बैठकांचे प्रत्येकी ५००. वर ‘प्रीमियम पॅकेज’ घेतलं तरच एंडॉर्समेंट, असं कोणी म्हणत असेल तर ते नियमात बसत नाही.

कसोट्या तीन: नावीन्य, व्यवहार्यता, वाढीची क्षमता. लंडनमध्ये गोवन हॉटेल किंवा स्विंडनमध्ये काजू-कोकमाचं दुकान कितीही चालण्यासारखं असलं तरी इथे बसत नाही. त्यात नवीन काही नाही. तोच मासळीचा विषय वेगळ्या तऱ्हेनं घ्या. समजा, मालीम आणि कुटबण धक्क्यावरच्या ट्रॉलरांसाठी तुम्ही बर्फपेटीचं तापमान नोंदवणारा स्वस्त सेन्सर बनवलाय. समुद्रात नेटवर्क नसताना तो नोंदी साठवतो आणि धक्क्याला लागताच पाठवतो. हे नवीन म्हणता येईल. पण ब्रिटनमध्ये का? पीटरहेड हे तिथलं सगळ्यात मोठं मासेमारी बंदर. तिथले बोटमालक सध्या काय वापरतात, त्याला किती मोजतात, तुमचं उपकरण थंडीत आणि खाऱ्या फवाऱ्यात टिकतं का, खरेदीचा निर्णय बोटमालक घेतो की लिलाव करणारी कंपनी? छाननी करणारे विचारतात ते हेच. ‘ब्रिटनची बाजारपेठ अमुक अब्ज पौंडांची’ ही ओळ ते वाचतही नाहीत.

म्हणून योजनेच्या परिशिष्टात तिथल्या पंधरा-वीस संभाव्य ग्राहकांशी झालेल्या बोलण्याची टिपणं घाला: तारीख, हुद्दा, काय विचारलं, काय म्हणाले, नकार दिला तर का. नकारसुद्धा घाला. दोन-तीन उद्देशपत्रं मिळाली तर उत्तमच. त्यासाठी भेटीच्या साध्या व्हिसावर जाऊन बैठका, प्रदर्शनं, करारावर सही हे सगळं चालतं. तिथे विक्री सुरू करणं किंवा काम करणं चालत नाही. घाई करून आधीच कंपनी काढून व्यवहार चालू केलेत तर आणखी एक गोची होते: पहिल्या एंडॉर्समेंटला उद्योग नवा लागतो. चालू असलेल्या धंद्यात सामील होता येत नाही.

आकड्यांत तीन वर्षांचा नफा-तोटा वार्षिक चालेल, पहिल्या वर्षाचा कॅश फ्लो मात्र महिन्या-महिन्याचा हवा, पौंडांत. स्वतःचा पगार शून्य दाखवू नका. कुटुंब जगणार कशावर हा प्रश्न लगेच येतो. वित्त किंवा वैद्यकीय उपकरण अशा क्षेत्रात असाल तर तिथल्या नियामकाची परवानगी, तिचा कालावधी आणि खर्च वेगळ्या ओळीत दाखवा.

ही तालीम आधी घरच्या मैदानावर करून घ्या. वेर्ण्याचं सीबा, फातोर्ड्याच्या डॉन बॉस्को अभियांत्रिकी महाविद्यालयातलं फायर, साखळीच्या जीआयएम या व्यवस्थापन संस्थेतलं अटल इन्क्युबेशन सेंटर या इन्क्युबेटरांकडे योजना मांडा आणि डीपीआयआयटी या केंद्र सरकारच्या विभागाची स्टार्टअप मान्यता घ्या. त्या मान्यतेनं व्हिसा मिळत नाही. दोन वर्षांचा इन्क्युबेशनचा लेखी इतिहास मात्र मुलाखतीत बोलतो.

कोडची, डिझाइनची मालकी कोणाची, हेही मिटवून ठेवा. गोव्यातल्या प्रायव्हेट लिमिटेडच्या नावावर सॉफ्टवेअर असेल तर विलायती कंपनीला ते परवान्यावर द्यायचं की विकायचं, कितीला, याचा करार हवा. आधीच्या नोकरीत किंवा महाविद्यालयाच्या प्रकल्पात त्याची सुरुवात झाली असेल तर त्यांचं लेखी हक्कसोडपत्र. शिवाय भारतीय कंपनीत निदान एक संचालक आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात राहणारा लागतो. दोघे संचालक, दोघेही नवरा-बायको, दोघेही निघाले, अशी कंपनी पणजीच्या रजिस्ट्रारकडे अडचणीत येते. जायच्या आधीच तिसरा नेमा.

अर्ज आणि खर्च

इंग्रजी बी-२ पातळीचं लागतं. आयईएलटीएसमध्ये चारही भागांत ५.५, आणि परीक्षा ‘यूकेव्हीआयसाठी’ (ब्रिटनच्या व्हिसा खात्यासाठी) असलेलीच. साधी आयईएलटीएस देऊन आलेल्यांना पुन्हा बसावं लागतं. पदवी इंग्रजी माध्यमातली असेल तर एक्टिस या पदव्या पडताळणाऱ्या ब्रिटिश संस्थेकडून तसं प्रमाणपत्र घेऊन परीक्षा टाळता येते. क्षयाची तपासणी मान्य यादीतल्या दवाखान्यातच करायची. गावच्या लॅबचा एक्स-रे कितीही स्वच्छ असला तरी चालत नाही. ते प्रमाणपत्र सहा महिने ग्राह्य असतं, एंडॉर्समेंट पत्र तीन महिने. त्यामुळे क्रम असा: इंग्रजी आधी, मग एंडॉर्समेंट, ते मिळत आलं की क्षयाची तपासणी, मग अर्ज आणि बोटांचे ठसे.

हातखर्चाची रक्कम १,२७० पौंड, जोडीदाराचे २८५, पहिल्या मुलाचे ३१५. ही सलग २८ दिवस खात्यात असावी आणि २८वा दिवस अर्जाच्या तारखेआधी ३१ दिवसांच्या आतला असावा. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी मोजणी नव्याने. मुदत ठेव मोडून ऐनवेळी भरणाऱ्यांचं इथेच चुकतं. बचत खात्यात थोडी जास्तच ठेवा, कारण रुपया घसरला की पौंडांतली शिल्लकही खाली येते.

एप्रिल २०२५च्या दरांनी नवरा, बायको आणि एक मूल असा हिशेब: व्हिसा फी माणशी १,२७४, तिघांची ३,८२२ पौंड. आरोग्य अधिभार प्रौढाला वर्षाला १,०३५ आणि मुलाला ७७६, तीन वर्षांचा मिळून ८,५३८. एंडॉर्समेंट १,०००. एकूण १३,३६० पौंड हे विमानात बसण्याआधीच जातात, आणि अधिभार एकरकमी भरावा लागतो. दर बहुधा एप्रिलमध्ये बदलतात. अर्जाच्या दिवशीचेच धरा. निर्णय साधारण तीन आठवड्यांत येतो.

सल्लागार घेणार असाल तर तो ब्रिटनच्या इमिग्रेशन अॅडव्हाइस अथॉरिटीकडे नोंदलेला आहे किंवा तिथला सॉलिसिटर आहे हे स्वतः पडताळा. ‘एंडॉर्समेंटची गॅरंटी’ देणारा आणि तयार बिझनेस प्लॅन विकणारा, दोघांनाही लांबूनच नमस्कार. एकच आराखडा नावं बदलून पाच जणांना विकल्याचं संस्थांच्या लगेच ध्यानात येतं.

तिथे गेल्यावर

कंपनीच्या संचालकांना नोव्हेंबर २०२५पासून कंपनीज हाउसकडे (ब्रिटनच्या कंपनी नोंदणी कार्यालयाकडे) ओळख पडताळून घ्यावी लागते. व्यवसाय सुरू झाल्यापासून तीन महिन्यांत कॉर्पोरेशन करासाठी नोंदणी. धंद्याचं बँक खातं उघडायला अपेक्षेपेक्षा वेळ लागतो. नव्यानं आलेल्या संस्थापकाला जुन्या बँका लगेच हो म्हणत नाहीत, म्हणून पहिल्या दोन महिन्यांचा खर्च वैयक्तिक खात्यात हाताशी ठेवा.

कायम वास्तव्यासाठी तीन वर्षांनी सातपैकी दोन निकष पूर्ण झालेले लागतात. ५० हजार पौंड गुंतवून खर्च झालेले. ग्राहक तीन वर्षांत दुप्पट होऊन तशाच उद्योगांच्या सरासरीहून जास्त. संशोधन आणि बौद्धिक संपदेचा अर्ज. वर्षाची १० लाख पौंड उलाढाल. ५ लाख उलाढाल आणि त्यात १ लाख निर्यात. तिथल्या १० जणांना पूर्णवेळ नोकरी. किंवा सरासरी २५ हजार पौंड पगाराच्या ५ नोकऱ्या. कुठले दोन गाठायचे ते पहिल्याच योजनेत ठरवा. लहान हार्डवेअर कंपनीला गुंतवणूक आणि पेटंट अर्ज ही जोडी सगळ्यात आवाक्यातली. नोकऱ्यांचा निकष कागदावर सोपा दिसतो, पण नोकरी किमान १२ महिने टिकलेली लागते. म्हणजे दुसरं वर्ष संपण्याआधी माणसं घ्यायला हवीत. दोन संस्थापक असतील तर एकच गोष्ट दोघांच्या खात्यात मोजत नाहीत: दोघांनाही गुंतवणुकीचा निकष हवा असेल तर १ लाख पौंड.

१२ आणि २४ महिन्यांच्या आढावा बैठकांत योजना बदलली असेल तर लपवू नका. दिशा बदलणं चालतं, संस्थेला न कळवता बदलणं चालत नाही. एंडॉर्समेंट काढून घेतलं गेलं तर व्हिसाची मुदत ६० दिवसांवर येऊ शकते.

गैरहजेरीचं गणित पहिल्या दिवसापासून ठेवा. कुठल्याही १२ महिन्यांच्या काळात १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर कायम वास्तव्याचा अर्ज कोसळतो. चवथ, नाताळ, शिगमो आणि अधूनमधून कारखान्याच्या कामासाठीच्या फेऱ्या मिळून हा आकडा भराभर चढतो. उत्पादन गोव्यात आणि विक्री तिकडे, अशी मांडणी असलेल्यांनी तर विशेष सांभाळावं.

व्हिसा नाकारला गेला तर भारतातून अर्ज केलेल्यांना २८ दिवसांत प्रशासकीय पुनर्विलोकन मागता येतं. त्यात अधिकाऱ्याची चूक दाखवायची असते, नवे कागद जोडायचे नसतात. तुमच्याच कागदात उणीव असेल, दानपत्रावर आईची सही नव्हती किंवा शेड्यूल ५अ लावलं नव्हतं, तर पुनर्विलोकनात २८ दिवस घालवण्यापेक्षा उणीव भरून नवा अर्ज करा. एंडॉर्समेंट पत्राची तीन महिन्यांची मुदत चालूच असते, तेव्हा तारीख आधी पाहा.